ओस गावातले चर्च

जुन्या घराच्या भिंतीत बुजवलेले दार तुम्ही पाहिले असेल. दगड वेगळे दिसतात, गिलावा वेगळा दिसतो. आपण लगेच ओळखतो, इथून पूर्वी जाणे-येणे होते. भावाभावांत वाटणी झाली असेल, नाहीतर बिऱ्हाड कमी झाले असेल. भिंतीवर एक अक्षर लिहिलेले नसते, तरी भिंत एवढे सांगून जाते.

अशीच एक बोलकी इमारत इंग्लंड देशात आहे. यॉर्कशायर नावाच्या भागात खडूच्या दगडाच्या बुटक्या टेकड्या आहेत. तिथल्या एका दरीत सेंट मार्टिनचे चर्च उभे आहे. चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचे प्रार्थनामंदिर. त्याला आज छप्पर नाही. मनोरा अर्धाच उरला आहे. आणि आसपास गाव म्हणावे असे काही नाही. सगळीकडे गवत. गवतात लांबट उंचवटे दिसतात, ते घरांचे पाये. या गावाचे नाव व्हॅरम पर्सी. पर्सी नावाचे जमीनदार घराणे इथे होते, त्यांचे नाव गावाला चिकटले.

आता अशी चर्चे बांधतात कशी, ते आधी पाहू. पूर्वेकडे एक लहान दालन असते. तिथे पाद्री उपासना चालवतो. आपल्या सोयीसाठी त्याला गाभारा म्हणू. त्याला लागून पश्चिमेकडे लांबट मंडप असतो, तिथे गावकरी जमतात. पश्चिमेच्या टोकाला मनोरा आणि त्यात घंटा. गाव वाढले आणि मंडपात माणसे मावेनाशी झाली, म्हणजे काय करायचे? मंडपाच्या बाजूची भिंत फोडायची, तिथे खांब आणि कमानी उभ्या करायच्या, आणि पलीकडे पडवी काढायची. आपण घराला पडवी काढतो तसेच.

व्हॅरम पर्सीचे पहिले चर्च लाकडाचे होते. ते दहाव्या शतकातले. त्याच्या खांबांचे खड्डे जमिनीखाली सापडले आहेत. पुढे दगडी चर्च झाले. बाराव्या शतकात ते मोठे झाले. त्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडे पडवी निघाली, तेराव्या शतकात उत्तरेकडेही निघाली. म्हणजे गाव भरभराटीत होते. शेते पिकत होती, पोरेबाळे वाढत होती.

मग उलटे चक्र सुरू झाले. पडव्या पाडल्या. कमानी दगडांनी बुजवल्या. पाडलेल्या पडवीच्या खिडक्या मात्र टाकून दिल्या नाहीत, त्याच काढून बुजवलेल्या भिंतीत बसवल्या. काटकसर बघा! पुढे सतराव्या शतकात गाभाराही आखूड केला. आज बाहेरून पाहिले तर भिंतीत कमानींची गोलाई स्पष्ट दिसते, आणि तिच्या पोटात भरलेले दगड दिसतात. माणसे कमी झाली, हे त्या भिंतीने लपवून ठेवलेले नाही.

माणसे कुठे गेली? पुष्कळ दिवस लोक म्हणत, १३४८-४९ सालच्या मोठ्या प्लेगाने अशी गावे मारली. प्लेग भयंकर होता यात शंका नाही. पण १३६८ सालीही या गावात सुमारे ३० घरे नांदती होती. १४५८ साली १६ राहिली. १५०० सालाच्या सुमारास उरली फक्त चार. आणि ती चार प्लेगाने उठवली नाहीत, बरे का. ती मालकाने उठवली.

त्याचे असे झाले. गाव आता हिल्टन नावाच्या जमीनदाराकडे आले होते. त्या काळी लोकरीला चांगला भाव होता. शेती करायची तर नांगर हवेत, बैल हवेत, पेरणी-कापणीला दहा हात हवेत. मेंढरांना काय लागते? गवत, एक मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा. कुळे काढून टाकली की सगळे रान मेंढरांना मोकळे. जमीनदाराने तसेच केले. अशा प्रकारांची राजा आठवा हेन्री याच्या कारकिर्दीत, १५१७ साली, सरकारी चौकशी झाली. त्या चौकशीच्या कागदांत या गावचीही नोंद आहे : चार घरे उठवली, चार नांगर बंद पडले. नोंद झाली खरी, पण घरे काही परत बसली नाहीत. आम्हाला विचाराल तर आजाराने मेलेल्या गावापेक्षा हे गाव जास्त मनाला लागते. इंग्लंडात मध्ययुगातली अशी ओस पडलेली गावे सुमारे ३,००० आहेत. सगळीच मेंढरांनी खाल्ली असे नव्हे. प्रत्येकाचे कारण निराळे.

गाव उठले, मग चर्च कसे राहिले? आजूबाजूच्या दुसऱ्या वाड्यांचेही तेच चर्च होते. थिक्सेंडेल ही वस्ती तिथून सुमारे ३ मैलांवर. तिथले लोक टेकड्या ओलांडून प्रार्थनेला येत. लग्न तिथेच, बाळाचा बाप्तिस्मा तिथेच, मेलेल्या माणसालाही तिथेच आणायचे. १८७० साली थिक्सेंडेलला स्वतःचे चर्च मिळाले. मग इकडची वाट बुजत चालली. १९४९ साली शेवटची नेहमीची उपासना झाली. पुढे छपरावरचे शिसे चोरीला गेले. पाणी आत मुरू लागले. १९५९ साली मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला.

पण त्याच सुमारास या गावाला पुन्हा माणसे भेटली. मॉरिस बेरेस्फर्ड हे इतिहासाचे अभ्यासक आणि जॉन हर्स्ट हे उत्खननाचे जाणकार. १९५० साली खणायला सुरुवात झाली आणि १९९० पर्यंत दर उन्हाळ्यात काम चालले. विद्यार्थी आणि हौशी माणसे कुदळ-फावडे घेऊन येत. राजवाडे आणि किल्ले खणणारे पुष्कळ असतात. हे लोक कुळांच्या झोपड्या खणत होते. घरात काय शिजत होते, चूल कुठे होती, हेच त्यांना हवे होते.

चर्चच्या आत आणि आवारात जवळजवळ ७०० माणसांचे सांगाडे मिळाले. जाणकारांनी ते तपासले. दहा वर्षांचे मूल आजच्या मुलापेक्षा बरेच बुटके होते, म्हणजे पोटाला पुरेसे मिळत नव्हते. बाळे मात्र दीड-दोन वर्षांची होईपर्यंत आईच्या अंगावर पीत, हेही हाडांवरून कळले. एका माणसाच्या कवटीला शस्त्रक्रिया करून भोक पाडलेले होते. ते भरून आले होते. म्हणजे तो वाचला! खेडेगावात, सुमारे हजार वर्षांपूर्वी.

आज हे ठिकाण जतन करून ठेवले आहे. चर्चपर्यंत गाडी जात नाही. पायवाटेने उतरत जावे लागते. वाटेत मेंढरे चरताना दिसतात.