धुराशिवायची नोकरी

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ४८



बी.कॉम. झाल्यावर माझ्या हातात दोन ऑफर होत्या. एक हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीत, कस्टमर सपोर्टची. पॅकेज चांगलं, पण नाइट शिफ्ट. दुसरी पेठेतल्या एका टॅक्स कन्सल्टंटकडे. पगार जेमतेम, शनिवारीही काम, पण जीएसटी, टीडीएस प्रत्यक्ष शिकायला मिळणार. घरी धाकट्या भावाची फी भरायची होती, त्यामुळे पगाराचा आकडा काही लहान गोष्ट नव्हती.

आठ दिवस मी दोन्हींतले दोष मोजत बसले. शेवटी विठोबाच्या फोटोपुढे चिठ्ठ्या टाकल्या. कन्सल्टंटची निघाली. मनाला पटेना, म्हणून पुन्हा टाकल्या! आई म्हणाली, "अगं, देवाला विचारतेयस की त्याच्या गळ्यात घालतेयस?"

त्याच आठवड्यात वाचनात हा श्लोक आला. भगवंत अर्जुनाला सांगतात की सहज कर्मात दोष दिसला म्हणून ते टाकू नये, कारण दोष नसलेलं कामच नाही. दृष्टान्त देतात तो अग्नी आणि धुराचा.

मला गावची आजी आठवली. धूर झाला म्हणून ती चूल विझवत नसे. फुंकणीने फुंकायची, डोळे पुसायची आणि भाकरी थापायची. मी मात्र धुराशिवायची चूल शोधत होते.

पण 'सहज' म्हणजे काय? जन्माने ठरलेलं? मीही इथे अडले होते, कारण आधीच्या श्लोकांत वर्णांची कामं येतात. मात्र ४१व्या श्लोकात भगवंत स्वभावातून आलेल्या गुणांचा आधार देतात. मी तो धागा धरला. माझा स्वभाव काय? हिशोब जुळेपर्यंत मला झोप लागत नाही. फोनवर दहा मिनिटं बोलले की मी थकते. उत्तर समोरच होतं.

मी कन्सल्टंटकडे गेले. धूर आहेच. दर महिन्याच्या २० तारखेआधी जीएसटीआर-३बी भरायची धावपळ, जुलैत रिटर्नचे ढीग. पहिलं वर्ष भावाच्या फीसाठी रविवारी शिकवण्या घेतल्या. माझ्या मैत्रिणीने हिंजवडीची नोकरी घेतली. तिला बोलायला आवडतं, आणि त्या पगारात तिच्या बाबांची औषधं येतात. श्लोक ४६ म्हणतो की आपलं कर्म हीच त्याची पूजा. तिचीही पूजाच चालली आहे.

एक सांभाळा. नोकरीसाठी आधी पैसे मागणारी किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेणारी जागा म्हणजे धूर नव्हे, ती घराला लागलेली आग. तिथून निघा.

आणि श्लोक ६३ विसरू नका. एवढं सगळं सांगून झाल्यावर भगवंत निर्णय अर्जुनावरच सोडतात. पूर्ण विचार कर, मग तुला हवं ते कर. देव चिठ्ठी काढत नाही, विचार करायला लावतो.

आजचा अभ्यास : दोन्ही ऑफर कागदावर लिहा. सीटीसी नको, हातात किती येणार ते लिहा. मग प्रत्येकीचा धूर लिहा. कुठल्या धुरात डोळे पुसत का होईना, तुम्ही भाकरी थापू शकाल? नामस्मरण करून ठरवा, आणि ठरलं की चिठ्ठ्या पुन्हा टाकू नका.

जय हरी! 🙏