जामखेडचें रुग्णालय

रुग्णालय म्हटलें कीं मोठी इमारत आणि औषधांचा उग्र वास एवढेंच आपणांस आठवतें. अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील जामखेड येथें 1970 सालीं सुरू झालेल्या रुग्णालयाचा आरंभ मात्र गुरांच्या एका ओस पडलेल्या दवाखान्यांत झाला. डॉ. रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे त्याचे संस्थापक. दोघांचेंही वैद्यकीय शिक्षण वेल्लोर येथें झालेलें.

त्यापूर्वीं त्याच जिल्ह्यांतील वडाळा येथील मिशन रुग्णालयांत असतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, बहुतेक दुखणीं मुळांतच टाळतां येण्याजोगीं आहेत. घरचें पाणी दूषित आणि ताटांतलें अन्न अपुरें, तेथें एकट्या औषधानें किती पुरें पडावें? संस्थेच्या नोंदींप्रमाणें 1971 च्या सुमारास जामखेडच्या खेड्यांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकीं 176 वर्षाच्या आंत दगावत. म्हणजे जवळजवळ सहांतील एक!

शिकलेल्या परिचारिका खेड्यांत राहावयास नाखूष असत. तेव्हां प्रत्येक गांवानें आपल्यांतलीच एक बाई निवडावी, असें ठरलें. यांतील पुष्कळ जणी निरक्षर, कित्येक दलित वस्तींतल्या. त्या नियमानें जामखेडला येत, शिकत आणि शिकलेलें गांवीं जाऊन सांगत. बालकांचें वजन घेणें, गरोदर स्त्रियांची तपासणी, स्वच्छ बाळंतपण हीं त्यांचीं कामें. अक्षरओळख नसलेल्या बाईस हें कसें साधावें, अशी शंका आपल्यासारख्या पुस्तकी मंडळींस येणारच. पण त्यांनीं तें साधलें.

हगवण लागलेल्या मुलास पाणी देऊं नये, अशी जुनी समजूत होती. मूल मरे तें बहुधा अंगांतील पाणी आटून. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून तें थोडें थोडें पाजावें, एवढीच युक्ति. वाचकांनीं हें प्रमाण पाठच करून ठेवावें. मीठ अधिक पडल्यास अपाय होतो.

1972 च्या दुष्काळांत संस्थेनें अन्नछत्रें चालविलीं व कूपनलिका खोदविल्या. कांहीं हातपंप मुद्दाम दलित वस्तींत बसविले. तहान लागली कीं सर्वांनाच तेथें जावें लागे. कुष्ठरोग्यांसही निराळें न ठेवतां इतर रोग्यांबरोबरच औषध मिळे.

1979 सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई 1999 सालीं व रजनीकांत 2011 सालीं निवर्तले. वर सांगितलेला 176 चा आंकडा 1993 पर्यंत 19 वर आला होता.