राहतं घर विकून धंदा करायचाय? आधी हातात किती उरतं ते मोजा

मागच्या व्हिडिओत भांडवल कुठून आणायचं यावर बोललो होतो. त्यानंतर एक प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की त्यासाठी वेगळं लिहायला घेतलं. "सर, शहरातला फ्लॅट विकतो, गावाकडे जातो आणि त्या पैशात धंदा टाकतो. चालेल का?"

चालेल की नाही हे मी सांगणार नाही. पण हा निर्णय कसा घ्यायचा आणि घेतलाच तर घर विकायला कसं तयार करायचं, ते आपल्या एका बॅचमधल्या ताईंच्या उदाहरणावरून सांगतो. नाव-गाव थोडं झाकतो, आकडे गोल करतो.

ताई डोंबिवलीच्या. घरगुती मसाले करतात, कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट. लोकलच्या लेडीज डब्यातल्या ओळखींवर धंदा उभा राहिला. मिस्टर खाजगी कंपनीत, मुलगा तेव्हा नववीत, सासूबाई घरात. साताऱ्याजवळ माहेर. तिथे शेड स्वस्तात मिळेल, मिरची जवळून मिळेल, हवा चांगली, असा सगळा विचार. २००९ मध्ये २२ लाखांना घेतलेल्या टू-बीएचकेचे आता ७२ लाख येतील असं एजंटने सांगितलं आणि दोघांच्या डोक्यात ७२ लाख पक्के बसले.

मी विचारलं, "ताई, ७२ मधले तुमचे किती?" त्या म्हणाल्या, "सगळेच ना सर."

इथेच गडबड होते. चला, फळ्यावर मांडला तसा हिशोब इथे मांडतो. दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे धरलेत.

बँकेचं कर्ज बाकी १४ लाख. ते गेले, राहिले ५८. एजंटची दलाली २ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार. रंग, दुरुस्ती, कागदपत्रं, सामानाचा टेम्पो मिळून सव्वा लाखाच्या आसपास. राहिले साधारण ५५ लाख.

आता टॅक्स. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्या नावावर असेल, तर नफ्यावर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा कर लागतो. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल, तर रहिवासी व्यक्तीला दोन पद्धतींपैकी कमी कर येईल ती मिळते. पहिली पद्धत सरळ आहे. नफा ५० लाख, त्यावर साडेबारा टक्के, म्हणजे सव्वा सहा लाख. दुसरी महागाई निर्देशांकाची. २००९-१० चा निर्देशांक १४८, २०२५-२६ चा ३७६. त्या हिशोबाने २२ लाखांची खरेदी किंमत झाली जवळजवळ ५५ लाख ८९ हजार. नफा उरला १६ लाख ११ हजार, त्यावर २० टक्के, म्हणजे सव्वातीन लाखांच्या आत. वर ४ टक्के सेस. बघा, नुसती पद्धत बदलली तर तीन लाखांचा फरक पडला. दलालीसारख्या वजावटी यात धरलेल्या नाहीत, त्या सीएकडे बसून लावून घ्या.

आता नीट ऐका, कारण या मुद्द्यावर बरेच जण फसतात. घर विकून आलेला नफा तुम्ही दुसऱ्या घरात घातला, तर करात सूट मिळते. नवं घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं, बांधायचं असेल तर तीन वर्षांत. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत पैसे वापरले नसतील, तर बँकेत भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवायचे. पण तेच पैसे तुम्ही शेडमध्ये, पल्व्हरायझरमध्ये, मिरचीच्या पोत्यांत घातले, तर ती सूट नाही. "धंद्यातच घातले ना सर, मग टॅक्स कसला?" असं मला दर बॅचला कोणीतरी विचारतंच. टॅक्स लागतो, मंडळी. आणि हो, १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे, त्यात कलमांचे नंबर बदललेत. त्यामुळे जुना नंबर घोकत बसू नका, तुमच्या विक्रीच्या तारखेला काय लागू आहे ते विचारा.

ताईंना साताऱ्यात छोटं घर घ्यायचं होतं. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी धरून ३२ लाख. तसं केलं तर सूट लागून कर वाचत होता, पण ५५ मधून ३२ गेले. धंद्याला उरले २३ लाख.

फळ्यावर मी ७२ ला गोल केला आणि शेजारी २३ लिहिलं. मिस्टर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "आम्ही तर चाळीस लाखांची शेड बघून ठेवली होती."

घर न घेता भाड्याने राहिलं तर कर भरून ५२ लाखांच्या आसपास हातात राहतात, हे खरं. पण मग सासूबाईंच्या डोक्यावरचं छप्परही मसाल्याच्या धंद्यावरच उभं. एखादा सीझन पडला तर? मी धंद्याचा माणूस आहे, रिस्क घ्या असं रोज सांगतो. पण राहतं घर आणि धंदा एकाच दोरीला बांधू नका, यावर माझं मत पक्कं आहे.

तर निर्णय कसा घ्यायचा? मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या. गिऱ्हाईक कुठे आहे? पैसा दुसरीकडून येतो का? आणि घर न विकता जाऊन बघता येतं का?

गिऱ्हाईक सगळं डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याणमध्ये. मी वही मागवली. शंभरातल्या ऐंशी ऑर्डरी ओळखीतून हातोहात दिलेल्या. कुरिअरने गेलेल्या मोजून सहा. म्हणजे साताऱ्याला गेलं की मिरची जवळ येणार आणि गिऱ्हाईक लांब जाणार. तुमच्या धंद्यातही हे आधी बघा. कच्चा माल जवळ पाहिजे की गिऱ्हाईक? शिवणकाम, क्लासेस, पार्लर असेल तर गिऱ्हाईक सोडून जाण्यात अर्थ नाही. मसाला पाकिटातून जातो, तिथे वाव आहे. पण तो आधी सिद्ध करायला पाहिजे.

पैसा दुसरीकडून? मुद्रा कर्ज दहा लाखांपर्यंत विनातारण मिळू शकतं. पीएमईजीपीमध्ये नव्या उद्योगाला ग्रामीण भागात महिलांना ३५ टक्के अनुदान असतं आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्के. डोंबिवलीत शहरी दर लागला असता, गावात शेड टाकली तर ग्रामीण. हा गावाकडे जाण्याचा खरा फायदा आहे, पण त्यासाठी घर विकावं लागत नाही! अर्ज करण्याआधी योजनेच्या त्या वेळच्या अटी तपासा, एवढंच.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. मी त्यांना अकरा महिन्यांची ट्रायल सांगितली. डोंबिवलीचा फ्लॅट लीव्ह-लायसन्सने भाड्याने द्यायचा, करार नोंदणीकृत करायचा (महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे), आणि साताऱ्यात भाड्याने राहून धंदा चालवून बघायचा. मिस्टर नोकरी सोडणार नाहीत, शनिवार-रविवार येतील. मुलाची शाळा तिथे. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, मग तिकडे भिशीत रमल्या.

सोपं गेलं नाही. पहिले चार महिने विक्री निम्म्यावर आली. ताईंचा एकदा रात्री फोन आला, "सर, परत जाऊ का?" मी म्हटलं, दिवाळी होऊ द्या. डोंबिवलीतल्याच दोन मैत्रिणींना त्यांनी कमिशनवर वाटपाला धरलं, आठवड्याला एक पार्सल एसटीने पाठवायला लागल्या. अकरा महिने संपता संपता वहीत महिन्याची विक्री आधीपेक्षा वर गेली होती. तेव्हा कुठे त्यांनी घर विकायचं ठरवलं. ७२ लाखांच्या नादात नाही, वहीतल्या आकड्यांवर.

आता घराची तयारी. घर हासुद्धा एक माल आहे. तुम्ही मसाल्याच्या पाकिटावर तारीख, वजन, लेबल सगळं नीट लावता ना? मग घरालाही तेच.

भाडेकरू गेल्यावर पहिल्यांदा त्यांनी घर तसंच दाखवायला सुरुवात केली. सांगितली किंमत ८०. दोन महिन्यांत नऊ जण बघून गेले, एकाचाही परत फोन नाही. मी जाऊन बघितलं. बेडरूमच्या भिंतीवर ओलीचा डाग, माळ्यावर जुने डबे आणि खोके, हॉलमध्ये एक ट्यूब फडफडतेय, आणि स्वयंपाकघरात जुन्या तिखटाचा असा वास मुरलेला की मलाच ठसका लागला. ताईंना जाणवतच नव्हता. पंधरा वर्षं त्या वासात राहिल्यावर कसा जाणवणार? म्हणून तुमचं घर तुम्ही स्वतः बघू नका, एखाद्या स्पष्टवक्त्या नातेवाइकाला दाखवा.

मिस्टरांचा विचार होता अडीच लाखांचं नवं मॉड्युलर किचन बसवायचं. मी नको म्हटलं. घेणारा स्वतःच्या आवडीने फोडून नवं करतोच, तुमचे अडीच लाख किमतीत परत येतील याची खात्री नाही. पैसे लागतात ते दोष काढायला. ओलीचा डाग आधी रंगवू नका, पुढच्या पावसात तो परत वर येतो आणि मग शब्दाला शब्द लागतो. त्यांनी वरच्या मजल्यावरच्या काकांशी बोलून त्यांच्या बाथरूमच्या फरशीचे सांधे भरून घेतले, भिंत सुकू दिली, मग लांबी आणि रंग. फिका रंग, सगळीकडे एकच. गळके नळ, करकरणारी दारं, फुटकी स्विचबोर्डाची झाकणं, जाळ्या. माळा रिकामा, भंगारवाल्याने वर पैसे दिले. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या काढून सोड्याच्या पाण्याने धुतल्या, चार दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या. सगळं मिळून ६८ हजार.

दाखवायची वेळ सकाळी दहा ते बारा, कारण त्यांच्या हॉलमध्ये ऊन तेव्हाच येतं. तुमच्या घरात उजेड कधी येतो ते बघा आणि फोटोही तेव्हाच काढा.

किंमत मात्र शेजाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. तो "मागत होता" ते सांगतो, "मिळाले" ते सांगत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये झालेल्या व्यवहारांचे इंडेक्स टू बघता येतात. ताईंच्याच गल्लीतले दोन व्यवहार सापडले, ७० आणि ७१ लाखांचे. ८० ची पाटी ७४ वर आणली.

कागदांची फाईल रंगाच्याही आधी तयार पाहिजे. आधीपासूनची सगळी करारपत्रं, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची आणि मेंटेनन्सची शेवटची पावती, भोगवटा प्रमाणपत्र, बँकेकडचं कर्जाचं पत्र. कल्याण-डोंबिवलीतल्या अनधिकृत इमारतींच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात, त्यामुळे तिथे घेणारा पहिला प्रश्न ओसीचाच विचारतो. आपल्या दुसऱ्या एका बॅचमधल्या दादांचा पुण्यातला व्यवहार सहा महिने अडकला, कारण घर वारलेल्या वडिलांच्या नावावर. दादा नॉमिनी होते, त्यांना वाटलं झालं. नॉमिनी म्हणजे मालक नाही, बहिणींच्या सह्या लागल्या. सोसायटीचंही एक सांगतो. महापालिका हद्दीत हस्तांतरणाचा प्रीमियम कमाल २५ हजार. त्याच्या वर "डोनेशन" मागितलं तर नियम दाखवा, भांडण नको.

एका घेणाऱ्याने ताईंना ७३ लाख सांगितले, त्यातले १२ रोख. मोह झाला. पण घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेणं कायद्यात बसत नाही, घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. आणि उद्या तेच १२ लाख शेडला वापरताना बँकेला कुठून आले म्हणून सांगणार? त्यांनी ७१ लाखांना, सगळे चेकने, दुसऱ्याला दिलं. किंमत ५० लाख किंवा त्यावर असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस कापतो. ७१ हजार कमी आले म्हणून घाबरू नका, ते तुमच्या पॅनवर जमा झालेत का ते तपासा आणि रिटर्नमध्ये वळते करून घ्या.

घेणाऱ्याच्या बँकेने आधी ताईंचं कर्ज फेडलं, उरलेले ताईंच्या खात्यात. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. किल्ली मात्र शेवटचा रुपया खात्यात आल्यावरच द्यायची. ताबा देताना लाईटच्या मीटरचा आणि गॅसच्या रीडिंगचा फोटो काढा, ताबा पावतीवर दोघांच्या सह्या घ्या. ताईंनी त्या दिवशी घेणाऱ्यांना मसाल्याची दोन पाकिटं दिली. डोंबिवलीतलं त्यांचं ते पंधरा वर्षांतलं सगळ्यात नवं गिऱ्हाईक आहे, महिन्याला अर्धा किलो जातो.

पुढच्या व्हिडिओत शेडचा भाडेकरार बघू. तोपर्यंत एक काम करा. तुमच्या घराची जी किंमत डोक्यात आहे ती एका कागदावर लिहा आणि वरचा हिशोब तुमच्या आकड्यांनी करून बघा.