वाटेत पडलेला आपला शेजारी

शास्त्रपाठ : लूक 10:25-37, नीतिसूत्रे 23:29-35
पाठाचा हेतू : व्यसनात सापडलेल्या परगावच्या माणसाशी मंडळीने कसे वागावे हे शिकणे.



बऱ्हाणपूर हे परगावच्या लोकांना पोटाशी धरणारे गाव आहे. यंत्रमागावर काम शोधीत माणसे येतात. 1955 साली नेपानगरात वृत्तपत्राचा कागद निघू लागला, तेव्हा दूरदूरची कुटुंबे तेथे आली. डोंगरपट्ट्यातील आदिवासी बांधव मजुरीसाठी महाराष्ट्रात उतरतात. आपल्यातही पुष्कळांचे वाडवडील खानदेश-वऱ्हाडातून आलेले. म्हणून हा पाठ आपल्याच घरचा आहे.

1. तो वाटेत कसा पडला?
दाखल्यातील मनुष्य प्रवासी होता आणि एकटा होता. घर सोडून आलेला कामकरीही एकटाच असतो. मागावर बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसविणारा आवाज, मीटरवर मजुरी. झोप येऊ नये, भूक लागू नये म्हणून तो तंबाखू-चुना मळतो. पाळी सुटल्यावर झोप यावी म्हणून दारू घेतो. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडते. दुसऱ्या दिवशी तंबाखू वाढते. मजुरी हाती पडते त्या संध्याकाळी त्याला लुटण्यास लुटारू लागत नाहीत. नीतिसूत्रकार म्हणतो की, मार बसला तरी अशा माणसाला कळत नाही, आणि जागा होताच तो पुन्हा तेच शोधतो.

2. बाजूने जाणारे
याजक व लेवी यांनी त्याला मारले नाही. ते केवळ निघून गेले. आपणही "बेवडा आहे" म्हणून रस्ता बदलतो. मध्यप्रदेशात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, 2023 साली दारूच्या दुकानांचे अहाते बंद झाले. हे चांगले झाले. परंतु कायदा दुकान बंद करू शकतो, माणसाजवळ बसू शकत नाही.

3. शोमरोन्याने काय केले?
तो जवळ गेला, जखमा बांधल्या, उतारशाळेत नेले, खर्च दिला व परत येण्याचे वचन दिले. येथे द्राक्षारस जखमेवर ओतला आहे, दुःख विसरण्यासाठी प्यालेला नाही. पौलाने तीमथ्याला थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले (1 तीमथ्य 5:23), तेही पोटाच्या दुखण्यासाठी. त्या वचनाच्या आड कोणी लपू नये.

उतारशाळेची गोष्ट लक्षात ठेवावी. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडली तर हात कापतात, घाम सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला शपथ घालून खोलीत कोंडू नये. प्रार्थना करावी आणि डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची नशामुक्तीची फोनसेवा 14446 आणि तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 या क्रमांकांवर विनामूल्य आहे. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रांतून कितीतरी माणसे सावरून घरी गेली आहेत.

सर्वांत कठीण काम शेवटचे आहे : परत येणे. सोडलेला माणूस पुन्हा घसरू शकतो. तेव्हा "सांगितले होते ना!" म्हणणारे पुष्कळ भेटतात, पुन्हा दार ठोठावणारा एखादाच. मजुरीच्या संध्याकाळी त्याला घरी जेवायला बोलवा. पैसे गावी पाठविण्यास त्याच्यासोबत जा. नाताळाची वाट पाहू नका.

आणि तो दुसऱ्या धर्माचा, दुसऱ्या भाषेचा असला तर? दाखला सांगणाऱ्या प्रभूने मदत करणारा परकाच निवडला, हे विसरू नये.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपल्या गल्लीत एकटे राहणारे कामकरी किती आहेत? त्यांतील कितींची नावे आपणांस ठाऊक आहेत?
2. आपल्या घरातील व्यसन आपण झाकून ठेवतो काय? का?
3. या महिन्यात आपली मंडळी कोणाकडे "परत" जाईल?

प्रार्थनेचा विषय : घरापासून दूर असलेले कामकरी, आणि गावी त्यांची वाट पाहणाऱ्या बायका-मुले.