मोठे कारखाने वीज वाचवतात, आम्ही मागे का?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचे मशिनिंगचे छोटे वर्कशॉप आहे. वीज वाचवणारी यंत्रे मोठ्या कंपन्या चटकन बसवतात, आमच्याकडे विषय वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो. असे का? सुरुवात कुठून करावी?
– एक लघुउद्योजक, नाशिक

उत्तर : वीजबिल दोघांनाही जाचते, पण निर्णय केवळ बिलामुळे होत नाही. आपल्याच जिल्ह्यातला महिंद्राचा इगतपुरीचा इंजिन कारखाना पाहा. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्ये कार्बन उत्सर्जनावर टनामागे १० डॉलर अशी अंतर्गत किंमत लावली. त्यामुळे ऊर्जाबचतीच्या कामांना हक्काचा पैसा मिळाला. २०१९ मध्ये इगतपुरीचा कारखाना कार्बन न्यूट्रल म्हणून जाहीर झाला. माझ्या मते खरी प्रेरणा इथे आहे : वरिष्ठांनी ठरवलेले उद्दिष्ट आणि त्यासाठी राखलेला निधी. तुमच्याकडे खरेदी, उत्पादन, वसुली सगळे मालकच बघतो. हातात पैसे आले की साहजिकच नवे सीएनसी मशीन आधी येते.

सुरुवात कॉम्प्रेसरपासून करा. सुटीच्या दिवशी मशिन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा. हवा कुठे गळते ते कानाने कळेल. दाब गरजेपेक्षा जास्त असेल तर कमी करा. एक बार कमी केला तरी कॉम्प्रेसरची साधारण सहा-सात टक्के वीज वाचते. वारंवार रिवाइंड केलेली मोटर पुन्हा जळाली, तर नवी, कमी वीज खाणारी आयई-३ दर्जाचीच घ्या. उच्चदाब वीजजोडणी असेल तर पॉवर फॅक्टरही तपासा, कारण २०२० पासून महावितरणचे अशा ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर निघते, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की बिल वाढते.