इंजिन उपाशी का राहते?

आदिलाबाद जिल्हा हा कापसाचा मुलूख. दिवाळीच्या सुमारास वेचणीला रंग चढतो आणि गावोगावचा कापूस बाजाराच्या वाटेस लागतो. बैलगाडी, ट्रॅक्टर, टेम्पो यांच्या रांगेत एखादी जुनी पेट्रोलवरील पिकप गाडीही असते. सपाटीवर ती बरी चालते. परंतु इच्चोडा मागे टाकून निर्मळच्या घाटाचा चढ लागला की तिला दम लागतो, ती आचके देते आणि कार्ब्युरेटरमधून फटफट असा आवाज करते. चालक म्हणतो, ‘इंजिन थकले, उघडावे लागणार.’ इंजिन उघडणे म्हणजे हंगामाची कमाई गमावणे. पुष्कळदा मात्र इंजिन थकलेले नसते. ते उपाशी असते. हा भेद कसा ओळखावा, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत. आजच्या बहुतेक मालवाहू गाड्या डिझेलवर चालतात. तेव्हा हे विवेचन पेट्रोलवरील, कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्यांपुरते समजावे.

पेट्रोल एकटे जळत नाही. त्यास हवा लागते. १ किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा हवी. आकारमानाने पाहिल्यास एक लिटर पेट्रोलास जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते! ही सांगड घालून देणे हे कार्ब्युरेटरचे काम. पेट्रोल प्रमाणाहून अधिक झाले तर मिश्रण गाढे होते. धूर काळा येतो आणि प्लगावर काजळी धरते. पेट्रोल कमी पडले किंवा हवा अधिक शिरली तर मिश्रण विरळ होते. कारागीर यालाच ‘लीन’ म्हणतात.

विरळ मिश्रण सावकाश जळते, आणि सर्व अनर्थाचे मूळ येथेच आहे. ज्वाला विझण्यापूर्वीच पुढचा श्वास घेण्यासाठी झडप उघडते, ज्वाला मागे फिरते आणि कार्ब्युरेटरमधून फटका ऐकू येतो. जळणे लांबल्यामुळे उष्णता भिंतींत व धूर बाहेर टाकणाऱ्या झडपेत मुरते. इंजिन तापते आणि कालांतराने झडपेची कड जळून जाते. शिवाय मागे कापूस भरलेला असताना बॉनेटखाली ज्वाला उसळणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. म्हणून हवेची जाळी काढून ठेवून गाडी कधीही चालवू नये. ती ज्वालाही अडविते.

आता परीक्षेकडे वळू. ठिणगी अशक्त असली किंवा तिची वेळ चुकली तरी लक्षणे अशीच दिसतात. म्हणून प्लग, त्यांच्या तारा आणि ठिणगीची वेळ ही आधी तपासून घ्यावी. ती ठीक असतील तर पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात.

पहिली पायरी चोकची. इंजिन चांगले तापल्यावर चोक थोडा ओढावा. चोक हवा अडवितो, म्हणजे मिश्रण गाढे करितो. तसे करताच इंजिन सुधारले तर मिश्रण विरळ होते असे समजावे. उलट ते अधिकच गुदमरले तर निदान दुसरीकडे शोधावे.

दुसरी पायरी प्लगाची. गाडी चढावर ओझ्यासह चालवून लगेच बंद करावी आणि इंजिन निवल्यावर प्लग काढून पाहावेत. निरोगी प्लगाचे टोक फिकट तपकिरी असते. उपाशी इंजिनाचे खडूसारखे पांढरे. सर्व प्लग पांढरे असतील तर सर्वांनाच पेट्रोल कमी मिळत आहे. एकच पांढरा असेल तर त्या सिलिंडरजवळ कोठेतरी हवा शिरत असावी.

तिसरी पायरी विचाराची आहे. गाडी उभी असताना इंजिन डळमळते, पण वेग वाढताच सुधारते काय? मग चोरवाटेने हवा शिरते आहे. कारण थोड्या हवेवर चालताना तेवढी गळतीही मोठी ठरते. उलट उभ्याने ठीक आणि चढावर दुबळे असेल तर पेट्रोलाचा पुरवठा तोकडा आहे.

हवेच्या गळतीसाठी कार्ब्युरेटरखालील गॅस्केट, रबरी नळ्या आणि वायपरची नळी पाहावी. जुन्या महिंद्र जीपच्या २.२ लिटरच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवेचा मार्ग सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो. तेथे पहिला संशय कार्ब्युरेटरच्या बुडाशी असलेल्या गॅस्केटवर घ्यावा. सांध्यावर इंजिन ऑइलचे चार थेंब सोडावेत; चाल बदलली तर चोर सापडला. या कामी पेट्रोल शिंपडणे म्हणजे आगीस निमंत्रण होय.

पुरवठ्यासाठी टाकीच्या झाकणापासून प्रारंभ करावा. झाकणाचे छिद्र बुजले की टाकीत पोकळी होते आणि काही मैलांनंतर पेट्रोल येईनासे होते. झाकण सैल करताच ‘सुस्स्’ आवाज होऊन गाडी चालू लागते. त्यानंतर फिल्टर, पंप, फ्लोटची पातळी आणि शेवटी जेट. जेट हवेने फुंकावे, तारेने टोचू नये. छिद्र तसूभर वाढले तरी त्याचे माप बिघडते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कापसाच्या तंतूंनी हवेची जाळी बुजली तर मिश्रण गाढे होते. तीच घाण पेट्रोलच्या फिल्टरमध्ये अडकली तर विरळ. घाण एकच, परिणाम उलट!

हे सर्व निर्दोष निघाले तर? मग खुद्द पेट्रोलाकडे पाहावे. फेब्रुवारी २०२३ पासून आपल्या देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉलच्या अंगी प्राणवायू मुळातच असतो. १ किलोस सुमारे ९ किलो हवाच पुरते. म्हणून या मिश्र इंधनास १४.७ ऐवजी सुमारे १३.५ किलो हवा हवी. जुने जेट मात्र पूर्वीच्याच हिशेबाने पेट्रोल सोडते. तेव्हा काहीही न बिघडता मिश्रण आठ-नऊ टक्के विरळ होते. थंडीत हवा दाट होते, आणि आदिलाबादचा हिवाळा तर कडक. त्यामुळे ही उणीव पहाटे अधिक जाणवते. इथेनॉल जुन्या रबरासही मानवत नाही. नळ्या चिरतात आणि हवा शिरावयास वाट होते. अशा वेळी जाणत्या कारागिराकडून किंचित मोठे मुख्य जेट आणि इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवून घ्याव्यात. केवळ आयडलचा स्क्रू फिरवून चढावरील दुबळेपणा जात नाही. त्याचा अंमल इंजिन उभ्याने चालते तेवढ्यापुरताच.

विद्यार्थिमित्रांनो, या साऱ्या परीक्षेस लागतात एक पाना, तेलाची एक कुपी आणि सावध डोळे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा, मगच दुसरीस हात लावावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कदाचित सुधारेल, परंतु ती कशाने सुधारली हे कळणार नाही. आणि पुढच्या खेपेस घाटात पुन्हा तोच प्रश्न उभा राहील. प्रयोगशाळेत आपण जो नियम पाळतो तोच येथे रस्त्यावर एखाद्या कुटुंबाचा हंगाम वाचवितो.