यादी आली, दुकान गाठण्याआधी

हिरकणीवाडीत रायगडच्या रोपवेचं खालचं स्थानक आहे. पर्यटक इथून काही मिनिटांत गडावर पोहोचतात. वाडीतल्या मुलांचा प्रवास मात्र उलट दिशेचा. पुढच्या शिक्षणासाठी पाचाड, नाते मागे टाकून त्यांना महाड गाठावं लागतं. प्रवेशाची फी, एसटीचा पास, वह्या एवढं जमवेपर्यंत घरातले पैसे संपत आलेले असतात आणि त्याच आठवड्यात हाती पडते पुस्तकांची यादी. 'सगळी घेतली नाहीत तर पोर मागे पडेल' ही आई-वडिलांची धास्ती अगदी खरी आहे. पण ती यादी त्याच दिवशी विकत घ्यायची नसते.

शासकीय आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. खर्च सुरू होतो नववीपासून. तिथेही एक मोठी सोय हाताशी आहे. 1967 साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात फुकट आहेत. एकदा चांगली रेंज असेल तिथे उतरवून घेतली की नंतर नेट लागत नाही. 'नीट'ची तयारी करणाऱ्यांसाठी एनसीईआरटीची पुस्तकंही अशीच मोफत आहेत.

मोबाइलवर तासन्‌तास वाचणं सगळ्यांना जमत नाही, हेही खरं. मग वरच्या वर्गातल्या दादा-ताईची जुनी प्रत बघावी. घेताना मुखपृष्ठावर जाऊ नये. पहिली एक-दोन पानं उलटावीत. बारावीच्या पुस्तकावर 'प्रथमावृत्ती : 2020' आणि खाली पुनर्मुद्रणाचं साल दिसेल. प्रथमावृत्तीचं साल चालू पुस्तकाशी जुळलं की अभ्यासापुरतं काम होतं. राज्यात 2025-26 पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवी पुस्तकं येऊ लागली आहेत, त्यामुळे शाळेत एकदा विचारून घेणं बरं. डिप्लोमाच्या मुलांनी तर ही खातरजमा करायलाच हवी. 2023-24 पासून 'के स्कीम' हा नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यामुळे आधीच्या 'आय स्कीम'चं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी एखादा विषय हुकू शकतो.

पदवीच्या अभ्यासक्रमात पाठ्यपुस्तकं आणि संदर्भग्रंथ वेगवेगळे दिलेले असतात. संदर्भग्रंथ वाचनालयात बसून वाचायचे, विकत घ्यायचे नाहीत. नेमकी इथेच पालकांची गल्लत होते आणि हजारो रुपये जातात. अनेक महाविद्यालयांत पुस्तकपेढी असते. तिथे सत्रभर किंवा वर्षभर संच मिळतो. संच मोजके असतात, म्हणून प्रवेश घेतला त्याच दिवशी ग्रंथपालांकडे नाव नोंदवावं. वैद्यकीय, अभियांत्रिकी अशा अभ्यासक्रमांच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासनाची वेगळी पुस्तकपेढी योजना आहे. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतला तरी तिची चौकशी करावी. मागायला लाजण्यासारखं यात काहीच नाही.

ज्या महाडच्या चवदार तळ्यावर 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केला, तिथल्या मुलांना त्यांच्या शाळकरी वयातली ही गोष्ट ठाऊक असायला हवी. शाळकरी भीमराव मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथे त्याची ओळख झाली ती शिवचरित्रकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याशी. केळुसकर गुरुजींनी त्याला पुस्तकं दिली, मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्याच्यासाठी शब्दही टाकला. पुस्तक देणारा माणूस असा शोधावा लागतो. गावातले शिक्षक, निवृत्त गुरुजी, सार्वजनिक वाचनालय, कुठूनही सुरुवात करावी.

महाड खोऱ्यात आणखी एक काळजी लागते ती पावसाची. 22 जुलै 2021 च्या महापुरात महाड शहर बुडालं. घराघरांत चिखल शिरला, तेव्हा खालच्या फळीवरची दप्तरंही त्यातून सुटली नाहीत. म्हणून जूनमध्येच पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर घालावं, दाखले आणि पुस्तकं माळ्यावर ठेवावीत. एसटीत खिडकीतून झड आत येते, तेव्हा पुस्तक पिशवीत गुंडाळून दप्तराच्या मध्यभागी ठेवावं. खुणा करायच्या त्या पेन्सिलीने. पुढच्या जूनमध्ये हीच प्रत शेजारच्या घरातल्या मुलीला द्यायची असते.